रंगाचा हात

आपल्या रंगाऱ्यांच्या बोलीत एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. दारावर, भिंतीवर किंवा एखाद्या पेटीवर रंगाचा थर चढला, की रंगारी त्याला थर म्हणत नाही. 'एक हात झाला' म्हणतो. 'अस्तराचा एक हात, रंगाचे दोन हात आणि वरून व्हार्निशचा शेवटचा हात,' असा त्याचा हिशेब असतो. दिवाळीच्या तोंडावर घरोघर हे बोल कानांवर पडतात आणि आपण ते तसेच सोडून देतो. पण मोटारगाडीच्या रंगाची हकीगत सांगायला बसले, की हा शब्द वाटेत आडवा येतो. कारण ती हकीगत खरोखर हातांचीच आहे: कोणाच्या हातांनी हा रंग चढवला, कोणाचे हात त्यात कायमचे अधू झाले आणि अखेर घासण्यापुसण्याचे फडके कोणाच्या हाती आले, याची.

दसऱ्याला गाडी धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून दारात उभी राहते. तिच्या टपावर आकाश उतरलेले दिसते. पाहणाऱ्याला वाटते, ही चकाकी कारखान्यानेच तिच्या अंगात भरून पाठवली आहे. आपण काय ती वरची धूळ झटकायची. ही समजूत सोयीची आहे, पण खरी नाही. चकाकी ही कोणीतरी घासून मिळवलेली गोष्ट असते. आधी ती एकाने घासली, मग दुसऱ्याने. काळाप्रमाणे घासणारा तेवढा बदलत गेला.

मोटारीच्या आधी घोड्याची बग्गी होती आणि पहिल्या मोटारी रंगाच्या बाबतीत बग्गीच्याच लेकी होत्या. मुंबईच्या रस्त्यांवर १८९८ मध्ये पहिल्यावहिल्या मोटारी धावल्या, तेव्हा विलायतेत आणि अमेरिकेत मोटारीचे लाकडी अंग बग्ग्या बांधणाऱ्याच कारागिरांकडून करून घेत आणि रंगही तेच देत. तो रंग जवसाच्या तेलात खललेला असे. आधी अस्तर, मग लाकडाच्या रेषा आणि खळगे बुजवणारी लांबी, तिच्यावर घोटाई, मग रंगाचे हात आणि त्यांच्यावर व्हार्निशचे हात. चांगल्या गाडीला असे पंधरा-वीस हात बसत. प्रत्येक हात वाळायला दिवस लागत आणि वाळला की पाणी व वजरीसारख्या सच्छिद्र दगडाची पूड घेऊन तो घासून गुळगुळीत करावा लागे. व्हार्निशच्या खोलीत धुळीचा कण उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडत. एक गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे, कधी महिने जात. पण ती बाहेर आली, म्हणजे तिच्या दारात उभे राहून भांग पाडावा.

त्या आरशाची किंमत मात्र गाडीच्या बिलात दिसत नसे. त्या काळच्या अस्तरात आणि लांबीत सफेता, म्हणजे शिशाची पांढरी पूड, भरपूर असे. पाण्याने घासले तर ती चिखल होऊन वाहून जाई. पण वेळ वाचावा म्हणून कोरडे घासले, की तिचा धुरळा उडून रंगाऱ्याच्या नाकातोंडात बसे. हळूहळू पोटात असह्य कळा येत, हिरड्यांवर निळसर रेघ उमटे आणि पुढे मनगटच लुळे पडे. उचललेला हात पुढे केला, तर पंजा खाली लोंबत राही. हा रोग रंगाऱ्यांचाच म्हणून वैद्यकाच्या ग्रंथांत नोंदला गेला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९२१ मध्ये सफेत्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार केला, तोही घरांच्या अंतर्भागापुरताच. रंगाचा हात देणाऱ्याचाच हात जावा, यापरता क्रूर श्लेष कोणत्या कवीला सुचला असता!

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपलाही वाटा आहे. चकचकीत रोगणाला इंग्रजीत 'लॅकर' म्हणतात. तो शब्द मुळात आपल्या लाखेचा. संस्कृतातली लाक्षा, बोलीतली लाख, ती पोर्तुगिजांच्या तोंडून युरोपात गेली आणि लॅकर होऊन परत आली. पांडवांच्या लाक्षागृहापासून बांगड्यांपर्यंत आपल्याला ठाऊक असलेली ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे चिमुकले किडे तयार करतात. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची तकाकी लाखेचीच. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी धरतो; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने तो ती घोटतो. तिथेही चकाकी येते ती घोटण्यानेच. चीन-जपानातले रोगण निराळे, ते एका झाडाच्या चिकाचे. पण युरोपीय लोक त्याच्यावर इतके लुब्ध झाले, की त्याची नक्कल करणाऱ्या काळ्या रोगणाला त्यांनी 'जपान' हेच नाव दिले.

हे काळे जपान हेन्री फोर्डच्या कारखान्यात पोचले. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये निघाली, तेव्हा ती हिरव्या, तांबड्या, करड्या रंगांतही मिळे. १९१३ मध्ये त्याने सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडण्याची रीत सुरू केली आणि आठवडेच्या आठवडे वाळणारा रंग तिथे परवडेना. डांबरासारख्या खनिज द्रव्यापासून केलेले काळे रोगण स्वस्त होते, टिकाऊ होते आणि भट्टीत भाजून झटपट वाळवता येत होते. इतर रंग तेवढ्या आचेला करपून पिवळे पडत. काळ्याला करपण्याचे भय ते काय! म्हणून १९१४ पासून १९२५ पर्यंत ही गाडी फक्त काळ्या रंगातच निघाली. लाखो लोकांना मोटार परवडली. रंग निवडण्याचा हक्क मात्र त्या किमतीत वळता झाला.

रंगीत गाडी हवी असेल, तर जुनाच मार्ग होता. जनरल मोटर्स या फोर्डच्या प्रतिस्पर्ध्याला तो जाचू लागला. साधा हिशेब करावा: रोज हजार गाड्या काढायच्या आणि प्रत्येक रंग वाळायला तीन आठवडे घेणार, तर एकवीस हजार गाड्या छपराखाली नुसत्या वाळत उभ्या! या अडचणीमागे चार्ल्स केटरिंग नावाचा गृहस्थ लागला. मोटार चालू करायला हँडल मारावे लागू नये म्हणून विजेचा स्टार्टर बसवणारा तो हाच. तरुणपणी तो ओहायोतल्या एका खेडेगावच्या शाळेत मास्तर होता, हे वाचून आम्हा मास्तर मंडळींना उगाच बरे वाटते. रंगतज्ज्ञांना बोलावून त्याने विचारले, हा काळ किती कमी करता येईल? त्यांनी फार तर काही दिवस वाचवण्याची तयारी दाखवली. याला गाडी तासाभरात वाळून हवी होती! न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्याने रोगण दिलेली छोटीशी तबकडी पाहिली आणि ते रोगण कुठून आले याचा माग काढत तो थेट ते बनवणाऱ्यापर्यंत गेला, असे सांगतात. दुसरी कथा याहून रंगतदार आहे. वाद घालणाऱ्या एका रंगवाल्याला त्याने जेवायला नेले. जेवण आटोपून पाहुणा बाहेर येतो, तो त्याची गाडी सापडेना. कारण मधल्या वेळात केटरिंगच्या माणसांनी तिचा रंगच पालटून टाकला होता! कथेला मीठमसाला लागला असेल; पण तिच्यातली घाई मात्र खरी आहे.

ही जादू ज्या पदार्थाने केली, त्याचे कूळ पाहिले तर अंगावर काटा येतो. बाझेल शहरातल्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये जाहीर केले होते, की कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची क्रिया केली, तर तो भडकून स्फोट पावणारा कापूस होतो. त्यातून पुढे बिनधुराची बंदुकीची दारू झाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने दोस्त राष्ट्रांसाठी ती अफाट प्रमाणात बनवली. १९१८ मध्ये तोफा थंडावल्या आणि एवढ्या कारखान्यांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. या कापसाच्या सौम्य प्रकाराचे रोगण पूर्वीही होत असे, पण ते दाट राहिले तर फवारता येईना आणि पातळ केले तर अंगावर पापुद्र्याइतकेही उरेना. १९२० च्या सुमारास ड्यूपाँटच्या रसायनज्ञांना ते पातळ असूनही भरदार ठेवण्याची युक्ती साधली. जनरल मोटर्सच्या साह्याने त्याचा मोटारीचा रंग झाला, 'ड्यूको'. १९२४ सालासाठीची ओकलंड नावाची निळी गाडी १९२३ मध्ये त्या रंगात लोकांपुढे आली. ज्या कुळातून रणांगणावर धूर निघाला, त्याच कुळातून शांततेच्या काळात निळाई निघाली.

हा रंग कुंचल्याने देता येत नसे. कुंचला फिरेपर्यंत तो वाळून जाई. त्याला फवाराच हवा. तो फवाराही एका वैद्याच्या घरचा. ओहायोतल्या टोलेडो गावी डॉ. डीव्हिल्बिस यांनी १८८० च्या दशकात रोग्यांच्या घशात औषध उडवण्यासाठी फवारणी केली होती. त्यांच्या मुलाने १९०७ मध्ये तिच्यापासून रंगाची पिचकारी केली. घशाचे औषध आणि बंदुकीची दारू यांचे हे लग्न जमले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडे 'ड्यूको' हा शब्द इतका रुजला, की आजही लाकडी कपाटाला पिचकारीने रंग द्यायचा झाला, तरी सुतार 'ड्यूको मारू' असेच म्हणतो.

पण जगात फुकट काही मिळत नाही. कारखान्यातली घासाई आटली खरी. ती नाहीशी मात्र झाली नाही. ड्यूको पिचकारीतून निघे तो मंद, निस्तेज. त्याला घासून तेज आणावे लागे. उन्हापावसात त्याचा वरचा पापुद्रा भुकटीसारखा होऊन रंग उतरल्यासारखा दिसे. मग पुन्हा घासावे लागे. हे दुसरे घासणे कारखान्याच्या फाटकाबाहेरचे होते. बग्गीच्या कारागिराच्या हातातले फडके असे अलगद मालकाच्या हातात आले आणि मालकाला ते आपल्या हौसेचेच काम वाटले!

या हौसेवर मोठमोठे व्यापार उभे राहिले. शिकागोत १९१० मध्ये 'सिमोनाइझ' नावाचे मेण निघाले. ते इतके चालले, की इंग्रजीत 'सिमोनाइझ करणे' म्हणजे मेणाने चकाकवणे असे क्रियापदच झाले. त्याच शिकागोत १९४० च्या दशकात बेन हर्श नावाचा तरुण घरच्या न्हाणीतल्या टबात पॉलिश ढवळून बाटल्या भरी, असे त्याच्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. उभ्या गाड्यांच्या रांगेत जाऊन तो एखाद्या गाडीचा एकच पंखा चकाकवून ठेवी आणि मालक परत येईपर्यंत तिथेच थांबे. उरलेली गाडी अर्थातच कळकट दिसू लागे. 'टर्टल वॅक्स' हा धंदा त्यातून वाढला. शेजारणीची पैठणी पाहिली की आपले लुगडे जुने वाटते, हे व्यवहारज्ञान हर्शला कोणी शिकवावे लागले नाही.

या मेणांतला राजा म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलच्या सिआरा, पिआवी या कोरड्या प्रांतांत एका जातीचे ताड होतात. उन्हाने पाने सुकू नयेत म्हणून ते झाड पानांवर मेणाचा लेप चढवते. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, तर हे ८० अंशांच्याही वर. म्हणून तापलेल्या पत्र्यावर ते टिकते. उन्हाळ्यात लांब काठीच्या टोकाला विळा बांधून पाने काढायची, उन्हात वाळवायची आणि झोडपून मेणाची पूड झाडायची. १९३५ मध्ये जॉन्सन या अमेरिकन मेणकंपनीचे मालक हर्बर्ट जॉन्सन पाण्यावरही उतरू शकणाऱ्या विमानातून हे ताड पाहायला ब्राझीलला गेले. विमानाचे नावच त्यांनी 'कार्नोबा' ठेवले होते. झाडाचे असे कौतुक झाले. पाने तोडणाऱ्याचे मात्र झाले नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांना या ताडवनांत पिण्याच्या स्वच्छ पाण्यावाचून, उघड्यावर झोपणारी, गुलामासारखी राबवलेली माणसे आढळली आहेत. म्हणजे कारागिराचे मनगट सुटले आणि भार सातासमुद्रापलीकडच्या खांद्यावर जाऊन पडला.

आपल्याकडे उत्तरपाड्याची अँबॅसडर १९५७ मध्ये आली, कुर्ल्याची फियाट तिच्याच काळातली. या गाड्यांचा रंग एकपदरी असे. वर संरक्षक पारदर्शक थर नसे. म्हणून पॉलिशचे फडके फिरवले, की त्याला गाडीचाच रंग लागे. कित्येक ड्रायव्हर रॉकेलचा बोळा फिरवून गाडी क्षणभर झगमगवत. रॉकेल उडून गेले, की उरल्या चिकट्यावर धूळ दुप्पट बसे. फियाटच्या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. फडक्याला लागणारा तो रंग मात्र एक धडा शिकवून गेला: प्रत्येक घासण्यात गाडीचे थोडे अंग जाते.

आता फडक्याला रंग लागत नाही आणि धडा विसरायला होतो. १९८० च्या दशकापासून जगभर रंगावर पारदर्शक थर देण्याची रीत पडली. खाली गंजरोधक अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर हा काचेसारखा पापुद्रा. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांश भागांत ४० ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला, तर केसापेक्षाही बारीक! उन्हाचा मारा झेलायचा तो यानेच. दर महिन्याला पत्रा खसाखसा घासून चकाकी आणणारा हौशी माणूस ठेव मोडून व्याज खात असतो.

मग घरी करावे तरी काय? आपल्या दिवाळीच्या पहिल्या आंघोळीत याचे उत्तर आहे. उटणे मळ काढते, तेल कातडीला जपते. गाडीचे घासायचे कंपाउंड हे उटणे आहे. मेण हे तेल. क्रम तेवढा उलटा: इथे उटणे आधी, तेल नंतर. आणि उटणे वर्षातून एखाद्या वेळी, तेही रंग खरोखर मंदावला असेल तरच. तेल मात्र दर दोन-तीन महिन्यांनी लावले तरी चालते. पत्र्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहायचे थांबले आणि पाणी पसरू लागले, म्हणजे मेण सरले असे समजावे.

गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. कोरडे फडके कधीच फिरवू नये. धुळीतले वाळूचे कण त्या फडक्याचा पॉलिश पेपर करून टाकतात. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवावी. मग दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडीचे सौम्य साबण, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. भांड्यांचे साबण नको. ते तेलकटपणाबरोबर मेणही उतरवते. टपापासून खाली यावे. चाकांचे फडके निराळे ठेवावे. मऊ कापडाने टिपून घ्यावे. मग बोटभर मेण घेऊन पातळ हात द्यावा. जाड दिल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना खांदा दुखतो. धुरकट सुकले, की हलक्या हाताने पुसावे. पाखरांची विष्ठा दिसताच पाण्याने भिजवून काढावी, कारण तिच्यातले आम्ल उन्हात पापुद्रा खाते. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात दगडाने उडालेला टवका पावसाळ्याआधी भरून घ्यावा. गंजाला तेवढे दार पुरते. पूजेचे ओले हळदकुंकूही संध्याकाळपर्यंत तसेच ठेवू नये. देवाला त्याचा राग येणार नाही.

शहरांतून आता हे काम बहुतेक घरांत दुसराच माणूस करतो. पहाटे पाचला बादली घेऊन येणारा तो मुलगा आपण क्वचितच पाहिलेला असतो. एका बादलीत, एका फडक्यात त्याला दहा-वीस गाड्या उरकायच्या असतात. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक ओरखडे चमकतात, ते त्या एका बादलीचे. आपण त्याच्यावर डाफरतो. पण पाणी बदलायला त्याला नळ कुठे आहे, वेळ कुठे आहे? बग्गीच्या रंगाऱ्यानेही कोरडे घासले होते ते वेळ मिळत नव्हता म्हणूनच. शंभर वर्षांत रंग तीनदा बदलला, घाई तीच राहिली.

या दिवाळीत त्याला फराळाचा पुडा द्याल, तेव्हा त्यासोबत दुसरी बादली आणि चार मऊ फडकी द्या आणि इमारतीचा नळ त्याच्यासाठी मोकळा ठेवा. गाडीचा पापुद्रा वाचेल तो वाचेलच. त्याहून मोठे म्हणजे, त्या झळाळीत स्वतःचा चेहरा न्याहाळताना तिच्यामागचा एक हात तरी आपण ओळखलेला असेल.